कुडतरीच्या बैठकीचं इतिवृत्त

बैठक चारची. पदेराचा भोंगा नुकताच वाजून गेला होता.
कोरेज्माचे दिवस, म्हणून चहाबरोबर
नुसते उंडे. दोदोल नाही.

मी कोमुनिदादीचा निवृत्त कारकून, शिरोड्याचा.
मला जुनं अक्षर लागतं, म्हणून बोलावलं.
बाप्तिस्म्याच्या वह्या पोर्तुगीजमध्ये, कागद शाईनेच खाल्लेला,
आणि झोझिमोच्या प्रोग्रॅममध्ये
प्रत्येक जुआंवच्या नावावरची ती बारीक लाट
पुसली जाऊन तिथे प्रश्नचिन्ह.
अठराशे जुआंव. अठराशे प्रश्न.

झोझिमो बारेटो जहाजावर रेडिओ ऑफिसर होता.
पर्लमध्ये लिहिलं त्याने सगळं, रात्रपाळीत,
बंदरामागून बंदर मागे टाकत.
"चालतंय ना?" एवढंच म्हणणं त्याचं.
"भर समुद्रात इंजिन कोण उपसतं?"

हिलारियो मास्तर पायथनचा.
"वाचता आलं पाहिजे हो. मोझांबिकची एक सिस्टर
आपलाच प्रोग्रॅम वापरते, फुकट, आपण दिला तसा.
चूक तिला सापडली. दुरुस्त करता येईना,
तुमची पर्ल तिला लागेना.
तीन पानी पत्र पाठवलं बिचारीने."
झोझिमोने टोपी काढली.
बहुधा त्या सिस्टरसाठी.

मग केरुबिना, वेर्ण्याच्या कंपनीतली, हेल्मेट मांडीवर:
"रस्ट."
"रस्ट म्हणजे गंज!" झोझिमो उसळला.
"तीस वर्षं डेकवरून खरवडला मी तो,
आणि तू त्याच्याच नावाची भाषा इगर्जीत आणतेस?"
सगळ्यात मोठ्याने तीच हसली.
मग समजावून म्हणाली: "त्या भाषेत, अंकल,
प्रत्येक वस्तूला एकच धनी.
उसनं घेता येतं. पण परत करावं लागतं,
नाहीतर ती पुढे सरकूच देत नाही."
पाद्री लिगोरियो म्हणाले, "रविवारी हेच सांगतो,
कोण ऐकतंय?"

इथे मी लिहायचा थांबलो.
आमच्या गोव्यात भाषेवरून
भावाने भावाशी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय.
लिपीवरून सोयरीक मोडलेलीही.
आणि ही तिघं माणसं
एकमेकांचं वाक्य पुरं होईस्तोवर
चहा निववत बसलेली.

शेवटी पाद्री म्हणाले, मला यातलं काही कळत नाही.
एवढंच सांगा, शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री
हे बंद पडलं तर दाराशी कोण येईल?

केरुबिना हेल्मेटचा पट्टा उघडझाप करत राहिली.
"माझं नाव लिहू नका," ती म्हणाली.
"जूनमध्ये लिस्बनला जातेय. पासपोर्ट आला.
पायथन घ्या. मास्तर इथेच असणार."

पंख्याचा आवाज तेवढा.
बाहेर तळ्यावर कुणीतरी म्हशीला हाक घालत होतं.

झोझिमोने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.
पास्कांची तारीख काढणारा तो तुकडा, दर वर्षी
चंद्राच्या मागे धावणारा,
आणि त्यावर त्याने कधीतरी लिहून ठेवलेलं:
'हांगा हात लायनाकात. पास्कांचें फेस्त चुकतलें.'
"बाकी सगळं मास्तरांच्या भाषेत जाऊ दे," तो म्हणाला.
"हा तुकडा तुझ्या गंजात लिही.
आणि मला शिकव. एकाहत्तर झालीत मला.
जूनपर्यंत जमेल?"

हिलारियो म्हणाला, एका घरात दोन भाषा, त्रास होईल.
झोझिमो म्हणाला, होऊ दे.

ठराव: झाला नाही, असं मी लिहिलं.
ते मराठीत लिहिलं. कोणी का म्हणून विचारलं नाही.
पाद्रींनी सही केली, रोमीत.

निघताना पाहिलं तर केरुबिनाने
कोरी फाईल उघडली होती. हिशेब अजून काहीच नव्हता तिच्यात,
फक्त वर पहिली ओळ, म्हाताऱ्याची,
जशीच्या तशी:
हांगा हात लायनाकात.